माती देण्याआधी

कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीकडे, कपिलधारला, दिंड्या चालत येतात. त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ, आणि आता काहींच्या डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली पेसमेकर असतो. वीरशैव लिंगायत समाजात देह जाळत नाहीत. बसवून, हाती इष्टलिंग ठेवून माती देतात. शवविच्छेदन करणारी डॉक्टर म्हणून मी याचा सतत विचार करते. अग्नी द्यायचा असेल तर पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर बॅटरी फुटते. १९७६ साली इंग्लंडात सोलिहलच्या दाहिनीत तसा स्फोट झाला होता. रुद्रभूमीत, म्हणजे माती देण्याच्या जागी, मात्र पेसमेकर देहाबरोबरच जातो, त्यातल्या नोंदी न वाचताच.

एखादा वारकरी रात्री निजला आणि उठलाच नाही, तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. शरीराचा ताठरपणा, तापमान, रक्त साकळल्याचे डाग यांवरून वेळ ठरवताना काही तासांची फट राहतेच. पेसमेकरच्या यंत्रात मात्र हृदयाची शेवटची बिघडलेली लय वेळेसह सापडू शकते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २०१२ ते २०१७ या काळात दीडशे मृतांची यंत्रं तपासली गेली. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या मृत्यूची वेळ कळली; कारण मात्र एक-चतुर्थांशांचंच. ते अशासाठी की यंत्र हृदयातली वीज टिपतं, रक्त वाहतं आहे की नाही ते नव्हे. शिवाय पेसमेकर मृत्यूनंतरही ठोके देतच राहतो. स्नायूनं साथ कधी सोडली, ते नोंदींतून हुडकावं लागतं.

म्हणून आधी यंत्राचं वाचन, मग सुरी. हा क्रम मी मोडू देत नाही. यंत्रापासून हृदयाकडे जाणाऱ्या तारा आधी कापल्या तर यंत्र खोट्या घटना नोंदवतं आणि खऱ्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. शॉक देणारं यंत्र असेल तर कापणाऱ्यालाच झटका बसण्याचा धोका, ते आधी बंद करायचं. यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक अहवालात लिहायचा. घातपाताचा संशय असेल, तर संशयित त्या वेळी कुठे होता, हे दहा मिनिटांवर ठरू शकतं. न्यायालयासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही लागतं.

नातेवाईक कलमं विचारत नाहीत. “झोपेतच गेले ना, डॉक्टर?” एवढंच विचारतात. लय क्षणात कोसळल्याची नोंद हाती असली की त्यांना अंदाजानं धीर द्यावा लागत नाही.

प्रत्येक कंपनीचं यंत्र तिच्याच प्रोग्रामरनं, म्हणजे नोंदी वाचणाऱ्या उपकरणानं, वाचता येतं. पेसमेकर बसवताना रुग्णाला एक कार्ड देतात, त्यावर कंपनी आणि मॉडेल असतं. दिंडीला निघताना ते घरच्या कपाटात ठेवू नये, खिशात असू द्यावं.