पाहुणे आणि धातू

पाहुणा किती दिवस राहील, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. धातूवर टेकलेल्या रेणूंचं मात्र शास्त्रज्ञ सांगतात! १९१२ चे नोबेलमानकरी साबात्ये यांचं तत्त्व असं, की रेणू सैल चिकटला तर काम न करताच उठतो, घट्ट चिकटला तर जागा अडवतो. नायट्रोजनला तांबं धरत नाही, टंगस्टन सोडत नाही, लोखंड बेताचं. त्यावर नायट्रोजन फुटणं हीच अमोनियाची सर्वांत संथ पायरी, हे एर्टल (नोबेल, २००७) यांनी दाखवलं. आता संगणक वेगाचं भाकीत करतो. पण खोलीच्या तापमानाला ऊर्जेचा हिशेब मोलमागे जेमतेम दीड किलोकॅलरीने चुकला, की वेग दहापट हुकतो! हसू नका. त्या लोखंडावर खत, खतावर गहू, आणि गव्हावर आपला पाहुणचार!