दातवणापासून यांगचीपर्यंत

कोरियन शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना धुण्याची क्रियापदे जड जात नाहीत. आपणही भांडी घासतो, कप विसळतो, चूळ भरतो. कामागणिक शब्द बदलण्याची सवय घरातूनच असते. हात, भाजी आणि अंग यांसाठी 'स्सित्ता', कपड्यांना 'प्पाल्दा', दात आणि बूट या दोन्हींना 'दाक्ता', विसळायला 'हेंगुदा'. घाईघाईत तोंडावर पाणी मारले तर ती 'गोयांगी सेसू', मांजराचे तोंड धुणे. आपण याला कावळ्याची अंघोळ म्हणतो.

केसांचे क्रियापद मात्र वेगळे: 'गाम्ता'. आपल्या आज्यांच्या बोलण्यात रोजची ती अंघोळ आणि डोक्यावरून घेतले की ते न्हाणे, तसाच हा भेद. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, दानोच्या सणाला, कोरियन बायका चांगफो नावाची वनस्पती पाण्यात उकळून त्या पाण्याने केस धुवत. चांगफो म्हणजे आपले वेखंड. शिन युन-बोक या चित्रकाराने दानोच्या दिवशी ओढ्याकाठी जमलेल्या बायकांचे जे चित्र काढले, ते मी वर्गात नेहमी दाखवते.

पण मला सर्वांत प्रिय शब्द आहे 'यांगची', म्हणजे दात घासणे, चूळ भरणे. पाठ्यपुस्तके तो पहिल्याच काही धड्यांत अर्थ देऊन उरकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्याची वाट थेट आपल्या दातवणाकडे येते. बौद्ध भिक्खूंना दातवणाची मुभा होती. पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात त्याची लांबीही ठरवून दिली आहे, जास्तीत जास्त आठ अंगुळे. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा भाषांतरकारांनी दंतकाष्ठाला 'विलोची फांदी' असा शब्द योजला. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातले झाड. सातव्या शतकात नालंद्यात राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूला हे पटले नव्हते. भारतात विलो क्वचितच दिसतो, दंतकाष्ठ विलोचे नसते, असे त्याने लिहून ठेवले. तरी शब्द टिकला आणि बौद्ध धर्माबरोबर कोरियात पोचला. त्याचा कोरियन उच्चार 'यांगजी'. बाराव्या शतकाच्या आरंभी चीनच्या सोंग दरबाराच्या सुन मू याने कोरियातल्या गोर्यो राज्याच्या बोलीचे शब्द चिनी अक्षरांत टिपले, त्यांतही दात घासण्याच्या साधनापुढे हाच शब्द आहे.

पुढे फांदी गेली, मूळही लोकांच्या ध्यानातून गेले. दाताच्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार 'ची' असा आहे. त्याच्या ओढीने 'यांगजी'चे 'यांगची' झाले. आज कोरियात दुपारच्या जेवणानंतर कचेरीतली माणसे ब्रश घेऊन बेसिनपाशी जातात, ती 'यांगची' करायलाच.

म्हणून या एका शब्दाला मी वर्गात पुरेसा वेळ देते. कोरियन भाषेत भारतातून गेलेले काय आहे, असे विचारले की मुले आधी बुद्धाचे, विहारांचे, सूत्रांचे नाव घेतात. ते खरेच आहे. पण ज्याने सूत्र कधी उघडलेले नाही, असा कोरियन माणूसही रोज सकाळी या शब्दापाशी येतो.