शेजारी जागं असलेलं माणूस

आमच्या महाड-पोलादपूरकडे घोरणाऱ्याचं कौतुक होतं. काय गाढ झोप लागते, म्हणतात. त्यामुळे घोरण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. येतात ते तीन-तीन गोळ्यांनी न उतरणाऱ्या रक्तदाबासाठी, सकाळी जड होणाऱ्या डोक्यासाठी. मी गळ्याचा घेर मोजतो, घशात टॉर्च मारून पडजीभ दिसते का बघतो आणि मग नवऱ्याला थांबवून बायकोला विचारतो.

"घोरतात ते चालतं हो. पण मधेच श्वासच थांबतो, तेव्हा मी हलवते."

झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं निम्मं निदान इथेच होतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. ऑक्सिजन घसरला की मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. निदान दहा सेकंदांचे असे अडथळे तासाला 30 किंवा त्याहून जास्त झाले, तर आजार तीव्र.

पण पोलादपूरच्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईत, खोलीवर. त्याच्या झोपेकडे लक्ष कोण देणार? गणपतीला, शिमग्याला तो गावी येतो, तेव्हा कुठे बायकोला कळतं. म्हणून सणाच्या दिवसांत मी दवाखाना बंद ठेवत नाही. डॉ. झरीर उदवाडिया यांनी 2004 साली मुंबईतल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीला आलेले हे लोक, त्यांतल्या 7.5 टक्क्यांना हा आजार होता, दिवसा येणाऱ्या झोपेसकट. आमचे चाकरमानी त्याच शहरात राहतात.

उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये दाखवलं, की नाकातून दाबाने हवा सोडली तर घसा मिटत नाही. यंत्र साधं, मास्कची सवय अवघड. संध्याकाळी टीव्ही बघताना तो लावून बसा, असं मी सांगतो. जागेपणी भीती गेली की झोपेत त्रास होत नाही. पावसाळ्यात वीज जाते, त्या रात्री कुशीवर झोपायचं. दारू नको, झोपेची गोळी तर नकोच. दोन्हींनी घसा आणखी सैलावतो.

रात्री झोप मोडली की दिवसा डुलकी लागते, म्हणून कशेडी घाटातून ट्रक नेणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नका. तो विचारतो, हप्ता कोण भरणार? त्याचा प्रश्न खराच आहे. म्हणून त्याची तपासणी मी त्याच आठवड्यात उरकतो. एका रात्रीसाठी तपासणीचं यंत्र घरी देतो, आणि बोटाला, नाकाला, छातीला काय कुठे लावायचं ते त्याच्या बायकोला शिकवतो.