रिकामी टाकी

गेल्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. सकाळी तुळशीला पाणी घालून सौ. आत आली आणि म्हणाली, "तुमच्या लाडक्या गाडीखाली पुन्हा ओले झाले आहे. वास येतोय पेट्रोलचा."

गाडी म्हणजे वडिलांची फियाट ११०० डिलाइट, १९६८ सालची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पोर्तुगिजांच्या राज्यात गोव्यात परदेशी गाड्या थेट येत. १९६१ नंतर ते दार मिटले आणि आमच्या पेडण्यात कुर्ल्याच्या गाडीला मान आला. याच गाडीतून वडिलांनी गावच्या कितीतरी बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, "बाबा, भंगारात द्या." मी देत नाही. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळते, हे मी त्याला अधूनमधून ऐकवतो.

वडील अशा वेळी गळतीवर कपडे धुण्याचा साबण घासत. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे तासा-दोन तासांची सोय होते. मीही तेच केले आणि गाडी तुयेतल्याच एका गॅरेजात नेली. मालक बाहेरगावी होता. पुढे आला तो माझाच जुना विद्यार्थी.

त्याला पाहताच मी ओशाळलो. नववीत तो विज्ञानात नापास झाला, तेव्हा मी त्याच्या वडिलांना भर वर्गात बोलावून म्हटले होते, "याच्या डोक्यात काही शिरायचे नाही. कुठेतरी कामाला लावा." ते त्यांनी मनावर घेतले होते.

त्याने बॅटरीची वायर काढली, गाडी उघड्यावर ढकलली, पेट्रोल डब्यात उतरवून टाकी सोडवली. तळाला गंजाने पडलेले सुईएवढे भोक होते. पेट्रोलपेक्षा पाणी जड. टाकीत दवाने साचलेले पाणी खाली बसते आणि पत्रा आतून खाते.

मला अकराला बैठक होती. मी म्हणालो, "अरे, टाकी रिकामी झाली ना? मग गॅस लाव आणि मोकळा हो."

तो जागचा हलला नाही. "सर, रिती आसा म्हूणच भंय. भरिल्ली टाकी पेटता, रिती फुटता."

मी एम.ए., तेही मराठीत. तरी वाफेचे हे गणित शाळेत कितीदा कानांवरून गेले होते! हवेच्या शंभर भागांत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात भाग असली की ठिणगी पुरते. भरल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकामीत हवाही असते आणि वाफही. मी घाई केली आणि त्याने माझे ऐकले असते, तर त्या दिवशी तुयेत काय झाले असते, हे आजही मनात येते.

त्याने गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी पुनःपुन्हा खळबळवली. मग भोक वर येईल अशी ती पालथी घातली आणि भोकाखाली दोन बोटे राखून पाणी भरले. पत्रा घासून लख्ख केला. ज्योत टाकीजवळ आणलीच नाही. तांब्याच्या टोकाची सळई लांब तापवून आणली आणि शिसे-कथलाचा डाख दिला. शेवटी सायकलच्या पंपाने हलकी हवा भरून वर साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही.

तोवर एक वाजला होता. बैठक कधीच संपली होती.

माफीचे शब्द ओठांपर्यंत आले, पण तीस वर्षांच्या मास्तरकीने ते तिथेच अडवले. मजुरी विचारली, त्याने नेमकी सांगितली, मी दिली. निघताना तो म्हणाला, "सर, पावसांत टाकी भरून दवरात. रिकाम्या जाग्यांत उदक धरता."

घरी आल्यावर हे वाक्य मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅरेजात गेलो. "नववीच्या मुलांना हे समजावून सांगायला शाळेत येशील का?"

हातातला पाना खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. "हांव? नववींत?"

"हो. त्या दिवशी मी चुकलो होतो," मी म्हणालो.

दिवाळीची सुट्टी संपली की तो येणार आहे.