कॉपी झाली म्हणे!

गेल्या शनिवारी सांगलीला मावशीकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "अरे, तो विहिणींच्या पंगतीचा फोटो मिळाला का रे?" मी नेहमीप्रमाणे भडंगाच्या बशीत तोंड घातलं. तो फोटो मिळणार नाही हे मला माहीत आहे, आणि का मिळणार नाही हेही. मावशीला ते नीट कधी सांगितलं नाही, म्हणून इथे टंकतोय.

ऑगस्ट 2019 चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मावशीचं घर गावभागात, तळमजल्याला. माणसं वेळेवर बाहेर पडली, पण कपाटातले अल्बम राहिले. पाणी ओसरल्यावर काका ते सगळे प्लास्टिकच्या पोत्यात घालून एस.टी.ने साताऱ्याला माझ्याकडे घेऊन आले. "तू कंप्युटरवाला आहेस ना, बघ काही करता आलं तर."

काय करणार! परातीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक पान भिजवायचं, चिकटलेले फोटो हलक्या हाताने सोडवायचे आणि लगेच कॅमेऱ्याने टिपायचे. लगेच यासाठी, की पुष्कळ फोटोंचा वरचा थर सुटून यायचा. मावशीच्या लग्नातलं कोणी तरी माझ्या बोटाला चिकटून यायचं आणि मागे नुसता पांढरा कागद. म्हणजे मी टिपलेली फाइल हीच त्या फोटोची एकुलती एक प्रत. दोन शनिवार-रविवार बायको आणि मी तेच करत होतो. एकूण 612 फोटो, सुमारे 2.8 जीबी.

काका न्यायला आले त्या दिवशी त्यांना परतीची गाडी गाठायची होती. माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून मी (इथे कपाळावर हात मारावा) कॉपी न करता फोटो हलवले. लिनक्सवर पेन ड्राइव्ह हातानेच माउंट केला आणि 'एमव्ही' दिली. फाइलींची नावं पडद्यावर सुरुवातीला भराभरा सरकली. वीसेक सेकंदांत तिसरा हिस्सा गेला. मग गाडी अडखळायला लागली. पाचेक मिनिटांत संपलं, प्रॉम्प्ट परत आला. काका दारात चपला घालून उभे. पेन ड्राइव्ह उपटला, कंदी पेढ्यांच्या पुड्याबरोबर त्यांच्या पिशवीत टाकला.

रात्री फोन. "अरे, निम्मे-शिम्मे उघडतच नाहीत." नावं दिसत होती, पण आत काही नाही. 612 पैकी 380 धड, 232 गायब.

आता हे होतं कसं? साताऱ्या-सांगलीच्या माणसाला धरण समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तीच उपमा घेतो. कोयनेत पाऊस कितीही वेगाने पडो, धरणात जागा आहे तोवर ते पाणी आत मावतं, खाली सोडायचं ते सावकाश सोडता येतं. पण 105 टीएमसीचं धरण भरत आलं, की येईल तेवढं सोडणं भाग पडतं. ते पाणी कराडला कृष्णेत येतं, पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणाही मिळते, आणि मग काय होतं ते मावशीला विचारा.

फाइल कॉपी करताना रॅम म्हणजे हे धरण. प्रोग्रॅम 'लिही' म्हणतो तेव्हा लिनक्स ते सहसा रॅममध्ये ठेवतं आणि 'लिहिलं' असं सांगून मोकळं होतं. अशा, अजून खाली न उतरलेल्या पानांना 'डर्टी' म्हणतात. सहसा वापरता येण्याजोग्या मेमरीच्या 10 टक्क्यांपर्यंत ती साठली की मागच्या मागे लिहायला सुरुवात होते; साधारण 30 सेकंदांहून जुनी झालेली पानंही लिहायला घेतली जातात. आणि 20 टक्क्यांच्या जवळ आलं की लिहिणाऱ्यालाच थोपवलं जातं. म्हणून सुरुवातीचा वेग थापाड्या. तो रॅमचा वेग असतो, पेन ड्राइव्हचा नव्हे. नंतर दिसणारा रडका वेग हाच खरा.

माझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम, म्हणजे जवळपास 1 जीबी माल पाइपात अडकू शकत होता. पेन ड्राइव्ह स्वस्तातला, सेकंदाला 6 एमबी लिहिणारा. भागाकार करा. प्रॉम्प्ट आला तेव्हा जवळजवळ तीन मिनिटांचं लिखाण बाकी होतं. मी दहा सेकंदही थांबलो नव्हतो. मूळ फाइली पुसल्याची नोंद मात्र हार्ड डिस्कवर काही सेकंदांत इमाने इतबारे झाली. आणि इथे धरणाची उपमा संपते, कारण रॅममधलं पाणी खाली सोडायच्या आत कालवा उपटला तर ते थेट हवेत जातं.

ही टक्केवारी जुन्या, लहान रॅमच्या काळातली आहे. हळू यूएसबीमुळे अख्खी मशीनं अडकतात यावर 2013 मध्ये कर्नेलवाल्यांत बरीच चर्चा झाली होती. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालायची सोय आहे, हल्ली मी ती वापरतो. विंडोजने 2018 च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी चटकन काढता येईल असं धोरण मुळातच लावलं, तिथे धोका कमी. जुने युनिक्सवाले 'सिंक' तीनदा टाइप करायचे. कॉलेजात आम्ही त्याला हसायचो. आता मी 'यूमाउंट' केल्याशिवाय ड्राइव्हला हात लावत नाही.

वाचताना हीच कॅश उपकार करते, तेच फोल्डर दुसऱ्यांदा कॉपी केलं की वाचन रॅममधूनच होतं. त्यामुळे 'माझा नवा ड्राइव्ह बघ किती फास्ट' म्हणणाऱ्याला कॅश रिकामी करून पुन्हा मोजायला सांगतो. मित्र कमी झालेत. असो.

फोटोंचं पुढे असं झालं. लॅपटॉप ताबडतोब बंद केला, दुसऱ्या डिस्कवरून चालू करून फोटोरेक लावलं. ते पुसलेल्या जागेत जेपेगच्या खुणा शोधतं. रात्रभर चाललं. सकाळी 221 फोटो परत! नावं गेली होती, पण टिपल्याची वेळ फाइलीतच असते, त्यावरून क्रम लागला. 11 मिळाले नाहीत. काका गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत मी एक सिनेमा उतरवला होता. अर्धाच बघितला, टुकार होता.

दिवाळीत मावशी माझ्या शेजारी बसून एकेका फोटोला नाव देत होती. "हा सदाशिवमामा. हा कोण... थांब, याला मुंजीत ताप आला होता तो." मी टाइप करत होतो. मग तिने विचारलं, पंगतीचा पुढे आहे ना? मी म्हटलं, आहे असेल, बघतो.