उतारवयातला श्रोता

जे गाणे घरबसल्या ऐकता येते त्यासाठी एवढी यातायात कशाला, असा प्रश्न आमच्या पिढीतील संगीतप्रेमींना हल्ली वारंवार विचारला जातो. विचारणारी माणसे घरचीच असतात आणि त्या प्रश्नामागे काळजी असते. डिसेंबरातली थंडी, पाच-सहा तासांची बैठक, परतताना न मिळणारी रिक्षा, गुडघे आणि मधुमेह या सर्वांचा हिशेब त्यांनी आमच्यापेक्षा नीट मांडलेला असतो. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे हातातल्या फोनवर क्षणार्धात हजर होत असताना मांडवात जाऊन बसण्याचा हट्ट हा एक वार्षिक कुळाचार आहे, असे त्यांचे सौम्य मत असते. या मताला माझ्यापाशी झटपट उत्तर नाही. परंतु गेली दोन-तीन वर्षे हा प्रश्न मीही स्वतःला विचारतो आहे, कारण आता घरच्यांची काळजी खरी ठरण्याचे दिवस आले आहेत.

आम्हा मित्रमंडळींचे मैफलींशी असलेले नाते प्रामुख्याने पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने घडवले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ मध्ये निवर्तले आणि पुढील वर्षी भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेन गेल्यानंतर त्यांचेही नाव त्यास जोडले गेले. आम्ही महाविद्यालयात असताना तिथे जाऊ लागलो तेव्हा गाणे सलग तीन रात्री चाले. संध्याकाळी आत शिरलेला माणूस सकाळी बाहेर पडे. आम्ही पाच जण होतो. एक सतरंजी, दोन घोंगड्या, एक थर्मास आणि कुणाच्या तरी आईने बांधून दिलेल्या दशम्या, एवढी आमची सामग्री असे.

त्या रात्रींविषयी बोलताना स्मरणरंजनाचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. सर्व रात्री थोर नव्हत्या. कंटाळवाणे गाणे पुष्कळ ऐकले, बसल्या जागी झोपाही काढल्या. तरीही त्या रचनेत एक गोष्ट होती, जी पुढे कुठेही मिळाली नाही. आपल्या संगीताने दिवसाचे प्रहर वाटून घेतले आहेत. यमन रात्रीच्या आरंभी, बिहाग त्यानंतर, दरबारी आणि मालकंस रात्र गडद झाल्यावर, ललत पहाट होण्यापूर्वी, भटियार उजाडताना. पुस्तकात हे कोष्टकासारखे दिसते. रात्रभर मांडवात बसलेल्या माणसाला मात्र ते अंगाने कळे. दोन वाजता गारठा वाढलेला असे, चहाच्या दुकानाशी गर्दी ओसरलेली असे, निम्मे श्रोते उठून गेलेले असत, आणि अशा वेळी मालकंसाचा मध्यम लागला की त्या रागाला हीच वेळ का नेमून दिली असावी, हा प्रश्नच उरत नसे. पहाटेचा ललत ऐकताना जागरणाने डोळे चुरचुरत असत. ती चुरचुर त्या रागाचाच एक भाग आहे, असे मला आजही वाटते.

ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० मध्ये आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात या बंधनावर कठोर शिक्कामोर्तब केले. सांस्कृतिक प्रसंगांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासनाला देता येते, परंतु पहाट काही त्या सवलतीत येत नाही. महोत्सव दुपारी आणि संध्याकाळी होऊ लागला. पुढे वर्षानुवर्षांची रमणबाग सुटली आणि २०१८ पासून तो मुकुंदनगरला भरू लागला. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. मांडवाशेजारच्या घरांतही आजारी माणसे आणि परीक्षेची मुले असतात, आणि आमचा मालकंस ही त्यांना सक्ती होती. तरी जे घडले ते नोंदवले पाहिजे. उघड्या मांडवातून मध्यरात्रीनंतरचे राग निघून गेले. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळचे राग काही प्रमाणात परत आणले, हे खरे. पण रात्रभर झोपून, अभ्यंगस्नान करून, नव्या कपड्यांत ऐकलेला ललत आणि रात्र जागून गाठलेला ललत यांत फरक राहतोच. एकात श्रोता रागाच्या वेळी येऊन पोहोचतो, दुसऱ्यात ती वेळ त्याच्याकडे हळूहळू चालत येते.

मैफलीने दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. मला समेचे भान पुस्तकातून आले नाही. पहिल्याच वर्षी शेजारी एक अनोळखी वृद्ध गृहस्थ बसले होते. विलंबित ख्यालात सम जवळ येऊ लागली की त्यांची मान किंचित पुढे झुके, श्वास थांबे, आणि समेवर तो हलक्या हुंकाराने सुटे. तासाभरात माझाही श्वास त्यांच्याबरोबर थांबू लागला. त्यांनी मला एक शब्दही शिकवला नाही. कोणते गाणे चांगले हे जाणकार लेखक सांगू शकतो. परंतु चांगल्या गाण्यापाशी कसे बसावे, हे शेजाऱ्याकडूनच कळते. कलावंतालाही हा शेजार हवा असतो. ज्या जागेला पहिल्या रांगेतून दाद जाते ती जागा गायक पुन्हा वेगळ्या अंगाने घेऊन पाहतो, हे दृश्य मैफलीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. ध्वनिमुद्रणात ती देवघेव ऐकू येते, पण तिच्यात भाग घेता येत नाही.

येथे आमच्या पिढीचा दोषही सांगितला पाहिजे. म्हातारा श्रोता हा मैफलीतला सर्वांत कृतज्ञ श्रोता असतो आणि सर्वांत जुलमीसुद्धा. समोर तिशीतला गायक जीव ओतून गात असतो आणि आमच्यापैकी कुणीतरी हळूच म्हणतो, 'अण्णांचा पूरिया ऐकायला हवा होतास.' वाक्य खोटे नसते, परंतु त्या क्षणी ते समोरच्या सुरावर पडदा टाकते. आठवण ही श्रोत्याची पुंजी आहे. तीच वेळीअवेळी उधळली की शेजारच्या तरुणाला वाटू लागते, की आपण उशिरा जन्मलो आणि आता ऐकण्यासारखे काही उरलेले नाही. असे वाटलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या पाचांपैकी दोघे गेले. उरलेल्या तिघांपैकी एकाचे कान गेली काही वर्षे अधू झाले आहेत. तरुणपणी आमच्यात कान त्याचाच होता. मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळत असताना तो डोळे मिटून बसे आणि खरजाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटू लागला की बोट वर करी. आम्हाला तो गांधार त्याच्या बोटामुळे कळला.

वय झाले की कानातून प्रथम वरची, बारीक कंपने जातात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी खुलवतात, तिची सारी झळाळी त्या वरच्या कंपनांत असते. म्हणजे सूर राहतो, त्याचे तेज जाते. त्यावर उपाय म्हणून श्रवणयंत्र येते. पण ते मुख्यतः बोलणे समजावे यासाठी घडवलेले. हलका आवाज ते उचलते, मोठा दाबते, त्यामुळे गायकाने जपलेला लहानमोठेपणा सपाट होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे दीर्घ, स्थिर सुराला काही वेळा ते स्वतःचीच शिट्टी समजते आणि तो पुसण्याच्या प्रयत्नात त्याला कंप आणते. स्थिर सुरावर उभ्या असलेल्या संगीताला याहून मोठी शिक्षा कोणती असेल? संगीतासाठी यंत्रात निराळी सोय करून घेता येते, तीही त्याने करून घेतली. फरक पडला, पण पुरेसा नाही. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे महोत्सव झाला नाही. २०२२ मध्ये मांडव पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याने 'तुम्ही जा' असे सांगितले. पुढच्या वर्षीही तेच.

त्यानंतरच्या वर्षी तो आपण होऊन आला. गाणे सुरू होताच त्याने यंत्र काढून खिशात ठेवले. मी प्रश्नार्थक पाहिले तेव्हा म्हणाला, 'यात तंबोरा रडतो रे. काढले की कमी ऐकू येते, पण येते ते खरे असते.' मग तो समोर न पाहता आमच्याकडे, आजूबाजूच्या लोकांकडे पाहत राहिला. प्रथम मला ते केविलवाणे वाटले. थोड्या वेळाने ध्यानात आले, की जे कानाला पोहोचत नव्हते ते तो माणसांच्या माना, थांबलेले श्वास आणि मांडीवर पडणारे हात यांवरून वाचत होता, आणि अर्धेमुर्धे ऐकू येणारे त्यात मिळवत होता. सम त्याची एकदाही चुकली नाही. मध्यंतरात तंबोरे पुन्हा जुळवले गेले तेव्हा त्याने डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने बोट वर केले. स्वयंभू गांधार जवारीच्या त्या झळाळीइतका उंच नसतो. तो बराच खालच्या पट्टीत उमटतो, म्हणून उतारवयातही कानाच्या आवाक्यात राहतो, हे नंतर विचार करता उमगले. त्या वेळी मात्र आम्हा दोघांना बोलवेना.

फोनवरचे गाणे त्याला यातले काय देऊ शकले असते? तिथे कान गेला की सर्वच गेले. मैफलीत मात्र ऐकणे शेकडो माणसांत वाटलेले असते, आणि ज्याचा वाटा कमी पडतो त्याला इतरांचा थोडाथोडा मिळतो. तारुण्यात आम्ही घेणाऱ्यांत होतो, मधल्या वयात कदाचित देणाऱ्यांत असू, आता पुन्हा घेणाऱ्यांत आलो आहोत. घरच्यांना हे कसे समजावून सांगावे, ते अजून सुचलेले नाही. येत्या डिसेंबरात तिघांची तिकिटे काढायची आहेत. या वेळी खुर्चीची, कारण गुडघ्यांपुढे भारतीय बैठकीचा आग्रह चालत नाही.