दाखविण्याची शक्ती
बिघाड जेथे दिसतो तेथेच असतो, असे थोडेच आहे? माझ्या संगणकाच्या पडद्यावर रेघा नि रंगीत ठिपके उमटू लागले, तेव्हा घरच्यांनी पडद्यालाच आरोपी ठरविले. मी मात्र एकेक संशयित तपासून सोडीत गेलो. पडदा शेजारच्या संगणकाला जोडला, चित्र निर्मळ! केबल बदलली, रेघा कायम. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या अक्षरांवरही ठिपके होते; तेव्हा ड्रायव्हरही सुटला. उरले ८ वर्षांचे ग्राफिक्स कार्ड. पंख्यावरची धूळ झाडूनही गुण आला नाही. भट्टीत तापवून असे कार्ड जिवंत करण्याचा एक तोडगा आहे. पण ते जीवदान चार दिवसांचे.

कार्ड काढले, केबल मदरबोर्डला जोडली आणि प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर काम भागविले. डिस्कवरची सारी छायाचित्रे जशीच्या तशी होती. गेली होती ती केवळ दाखविण्याची शक्ती.

अर्धांगाने माझ्या वडिलांची वाचा गेली आहे. भेटीला येणारे त्यांच्यादेखत म्हणतात, "यांना आता काही कळत नाही." मी जुनी छायाचित्रे त्यांच्यापुढे धरली. आईच्या चित्रावर त्यांचे बोट किती तरी वेळ थांबले.